मध्यवर्ती बँकेचे सोवळे

मध्यवर्ती बँक म्हटली की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे नोट येते आणि नोटेवरची गव्हर्नरची सही येते. ही बँक चलन काढते, सरकारचे खाते सांभाळते, इतर बँकांना अडीनडीला पैसे पुरविते. ती गिरणी चालवीत नाही, माग लावीत नाही, कापसाच्या गाठी विकत घेत नाही. कारखान्याच्या आवारात पाऊल टाकावयाचे नाही, हे तिचे सोवळे. पहिले महायुद्ध संपल्यापासून दुसरे सुरू होईपर्यंतच्या वीस वर्षांत या सोवळ्याची मोठी कसोटी लागली. इंग्लंडात ते मोडले. आणि मोडणारा गृहस्थ सोवळ्याचा सर्वांत कडवा अभिमानी होता. हिंदुस्थानात ते मोडले नाही. उलट कायद्याच्या कलमांत कोरून ठेवले गेले. या दोन्ही गोष्टी एकाच धंद्याच्या, म्हणजे कापडाच्या, बाबतीत घडल्या आणि त्यांचा धागा भिवंडीच्या व राहनाळच्या मागांपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

प्रथम या सोवळ्यामागचा विचार समजून घेतला पाहिजे, कारण तो केवळ हट्ट नव्हता. जिच्यापाशी सगळ्या बँकांची शेवटची पुंजी ठेवलेली असते, त्या बँकेचा पैसा कधीही मोकळा करता आला पाहिजे. व्यापाऱ्याची तीन महिन्यांची हुंडी घेतली, तर माल विकला जातो, हुंडी फिटते आणि पैसा परत येतो. गिरणीच्या इमारतीत आणि यंत्रांत घातलेला पैसा तसा परत येत नाही. तो वीस वर्षे तेथेच अडकतो, आणि गिरणी बुडाली तर त्या पैशाच्या मोबदल्यात हाती लागतात त्या विटा व लोखंड. घरातल्या कर्त्या बाईने सणासाठी ठेवलेल्या पैशांतून बैलजोडी घेऊ नये, तसलाच हा नियम. शांततेच्या काळात त्यावर कोणी वाद घालीत नाही.

पण १९२० नंतर काळ शांत राहिला नाही. महायुद्ध संपताच इंग्लंडात लँकेशायरच्या सूतगिरण्यांत वेड्यासारखी तेजी आली. १९१९ आणि १९२० या दोन वर्षांत गिरण्यांचा मोठा हिस्सा अवाच्या सवा किमतीला हातोहात विकला गेला. नव्या मालकांनी पैसा आणला तो बहुतांशी बँकांकडून उचल घेऊन. आणि मग गिऱ्हाईकच नाहीसे झाले. ते गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः आपण. १९१३-१४ साली ब्रिटनमधून हिंदुस्थानात सुमारे तीनशे कोटी वार कापड आले होते. १९३८ च्या सुमारास हा आकडा तीस कोटींच्याही खाली आला. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, जपानी माल स्वस्त पडू लागला, स्वदेशीची आणि बहिष्काराची चळवळ पसरली. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी गोलमेज परिषदेसाठी विलायतेत गेले, तेव्हा मुद्दाम लँकेशायरमध्ये जाऊन तेथील बेकार कामगारांना भेटले. त्या कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. त्या बेकारीमागे बँकांची किती कर्जे अडकली होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर तेव्हा माँटेग्यू नॉर्मन होता. १९२० ते १९४४ इतका दीर्घकाळ तो त्या गादीवर होता. टोकदार दाढी, अंगावर झगा, बोलणे मोजके, आणि परदेश प्रवासात ‘प्रोफेसर स्किनर’ हे नाव धारण करण्याची खोड. वर्तमानपत्रांना तो एखाद्या गूढ कथेतील पात्रासारखा वाटे. १९२५ साली ब्रिटनने पौंड पुन्हा सोन्याशी बांधला आणि तोही युद्धपूर्व भावाने, म्हणजे एका पौंडाला ४.८६ डॉलर. या धोरणामागे नॉर्मनचे वजन होते. पौंड महाग झाला, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला विलायती माल महाग झाला. केन्सने त्याच वर्षी या निर्णयावर सडकून टीका केली. आमच्या मते नॉर्मनच्या पुढच्या सगळ्या उद्योगांकडे पाहताना हे विसरता कामा नये. ज्या रोग्याच्या उशाशी तो पुढे जाऊन बसला, त्याचा ताप वाढविण्यास त्याचाही हात लागला होता.

नॉर्मन गिरण्यांकडे वळला तो दोन भयांपोटी. पहिले भय बँका बुडण्याचे. विल्यम्स डीकन्स ही लँकेशायरमधील बँक गिरण्यांच्या कर्जांखाली इतकी दबली होती की १९३० मध्ये बँक ऑफ इंग्लंडने पडद्याआडून व्यवस्था करून ती रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या पदरी घातली. दुसरे भय सरकारचे. १९२९ मध्ये मजूर पक्ष अधिकारावर आला. बँकांनी उद्योगांची घडी बसविली नाही तर सरकार ती बसवील, आणि सरकारने एकदा हात घातला की तो बाहेर निघत नाही, अशी नॉर्मनची खात्री होती. थोडक्यात सांगावयाचे तर उद्योगाला राजकारणापासून दूर ठेवण्यासाठी मध्यवर्ती बँक उद्योगात शिरली.

आरमस्ट्राँग-व्हिटवर्थ या तोफा आणि जहाजे बांधणाऱ्या कंपनीच्या निमित्ताने पाय आधीच ओला झाला होता. ही कंपनी बँकेच्या न्यूकॅसल शाखेची जुनी गिऱ्हाईक. तिचे कर्ज फुगत गेले आणि अखेर १९२७ मध्ये बँकेच्या पुढाकाराने तिचा शस्त्रास्त्रांचा धंदा व्हिकर्समध्ये विलीन झाला. त्यानंतर जानेवारी १९२९ मध्ये लँकेशायर कॉटन कॉर्पोरेशन निघाले. कर्जात बुडालेल्या गिरण्या एकत्र करावयाच्या, बँकांना कर्जाच्या जागी कर्जरोखे आणि मालकांना भाग द्यावयाचे, चांगली यंत्रे ठेवून जुनी मोडीत काढावयाची, अशी ही योजना. त्याच वर्षी बँकेने उद्योगविषयक कामासाठी सिक्युरिटीज मॅनेजमेंट ट्रस्ट ही स्वतःची उपकंपनी काढली, आणि १९३० च्या एप्रिलमध्ये लंडनच्या इतर पेढ्यांना सोबत घेऊन साठ लाख पौंड भांडवलाची बँकर्स इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कंपनी उभी केली. नाव ‘विकासा’चे होते. काम बरेचसे उतरंडीचे होते.

कॉर्पोरेशनने शंभराच्या आसपास गिरण्या आणि जवळजवळ एक कोटी चात्या ताब्यात घेतल्या. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत त्यांतील निम्म्याच्या आसपास चात्या भंगारात गेल्या. प्रारंभी कारभार इतका ढिसाळ होता की १९३२ मध्ये वरची माणसे बदलावी लागली, आणि ती बदलली नॉर्मनने. ज्या बँकेने कारखान्याच्या आवारात पाऊल टाकू नये, तिचा गव्हर्नर आता गिरणीचा कारभारी कोण असावा हे ठरवू लागला! पुढे फ्रँक प्लॅट या धंद्यातल्या माणसाच्या हाती कारभार आल्यावर गाडी रुळावर आली. कॉर्पोरेशन नंतर बराच काळ टिकले. १९६४ मध्ये कोर्टोल्ड्सने ते विकत घेतले.

जहाजबांधणीतही हाच प्रयोग झाला. नॅशनल शिपबिल्डर्स सिक्युरिटी या संस्थेने जादा गोद्या विकत घेऊन बंद करण्याचा सपाटा लावला. जॅरो गावातील पामर्सची गोदी १९३४ मध्ये बंद झाली. ते गाव त्या एका गोदीवर जगत होते. १९३६ च्या ऑक्टोबरात तेथले सुमारे दोनशे बेकार लंडनपर्यंत पायी चालत गेले. हिशेबाच्या वहीत ‘जादा क्षमता कमी झाली’ असे लिहिले जाते. जॅरोमध्ये त्याचा अर्थ काय झाला, हे त्या दोनशे जणांनी चालून दाखविले.

इटलीत तर याहून पुढची मजल गेली होती. तेथील बँका स्वतःच कारखान्यांच्या मालक बनल्या होत्या आणि कारखाने बुडू लागताच त्यांना वाचविण्याचे ओझे बँक ऑफ इटलीवर पडले. ते इतके वाढले की १९३३ मध्ये सरकारला त्यासाठी निराळी संस्था काढून कारखान्यांचा मोठा हिस्सा आपल्याकडे घ्यावा लागला. अमेरिकेत १९३४ मध्ये फेडरल रिझर्व्ह बँकांना थेट उद्योगांना कर्ज देण्याची परवानगी कायद्याने मिळाली. सोवळे सगळीकडेच सैल होत होते.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात तेव्हा मध्यवर्ती बँक नव्हती. बंगाल, मुंबई आणि मद्रास या तीन इलाख्यांच्या बँका एकत्र करून २७ जानेवारी १९२१ रोजी इंपीरियल बँक ऑफ इंडिया सुरू झाली. ती सरकारचा पैसा सांभाळी, इतर बँका तिच्याकडे आपला पैसा ठेवीत, आणि ती व्यापारही करी. म्हणजे अर्धी मध्यवर्ती आणि अर्धी पेढी. तिच्या कायद्यात सोवळ्याची कलमे स्पष्ट होती. सहा महिन्यांहून अधिक मुदतीचे कर्ज नाही. जमीन आणि इमारतींच्या तारणावर कर्ज नाही. आणि नुसत्या कागदावर कर्ज द्यावयाचे तर त्यावर एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान दोन नावांच्या सह्या पाहिजेत.

ही दोन सह्यांची अट वरवर पाहता किरकोळ वाटते. तिने मुंबईच्या धंद्याचे रूप ठरविण्यास मोठा हातभार लावला. एक सही गिरणी कंपनीची. दुसरी कोणाची? व्यवहारात ती असे मॅनेजिंग एजंटची, म्हणजे गिरणी चालविणाऱ्या घराण्याच्या पेढीची. गिरणीचा माल तारण ठेवला तरी बँक मूल्याच्या साधारण सत्तर टक्केच उचल देई आणि वर एजंटची हमी मागे. एजंटची पेढी तोलामोलाची असेल तर गिरणीला पैसा मिळे. ती नसेल तर गिरणी कितीही चांगली चालो, दार बंद. गिरणीच्या भागधारकांना एजंट नकोसा झाला तरी त्याला काढता येत नसे, कारण त्याच्याबरोबर त्याची सही जात होती. पुष्कळ लोक मॅनेजिंग एजन्सीच्या वाईट चालींचा दोष हिंदी भांडवलदारांच्या स्वभावाला देतात. स्वभावाचा भाग असेलही, पण त्या सहीला भाव आला तो बँकेच्या नियमाने. ही पद्धत अखेर १९७० मध्ये कायद्याने बंद झाली.

१९३० च्या सुमारास बँकिंग चौकशी समितीपुढे आलेले आकडे या बाबतीत बोलके आहेत. मुंबईच्या ६४ गिरण्यांच्या एकूण पैशांत बँकांचा वाटा ९ टक्के होता आणि मॅनेजिंग एजंटांचा २१ टक्के. अहमदाबादच्या ५६ गिरण्यांत बँकांचा वाटा अवघा ४ टक्के. तेथे ३९ टक्के पैसा लोकांच्या ठेवींचा होता. म्हणजे अहमदाबादचा सोनार, वाणी, विधवा बाई आपली शिल्लक बँकेत न ठेवता शेटजींच्या गिरणीत ठेवी. बँक दारात येत नाही म्हणून गिरणीच बँक झाली होती.

सहीची किंमत किती मोठी असू शकते, याचे एक उदाहरण सर्वांना माहीत आहे. १९२४ मध्ये टाटांचा जमशेदपूरचा पोलाद कारखाना इतका अडचणीत आला की कामगारांच्या पगाराचीही पंचाईत झाली. तेव्हा सर दोराबजी टाटांनी आपली खाजगी मालमत्ता, पत्नीच्या दागिन्यांसह, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटी रुपये उभे केले. ही गोष्ट आपण टाटांच्या थोरपणाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावे. देशातला सर्वांत मोठा पोलाद कारखाना, आणि त्याचे तारण म्हणून बँकेला कारखाना नव्हे, एका कुटुंबाचे दागिने चालले.

सर्वांनाच अशी दैवगती लाभली नाही. मुंबईच्या गिरण्यांवर त्या काळी संकटे ओळीने आली. १९२७ मध्ये रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सऐवजी एक शिलिंग सहा पेन्स असा कायम झाला. परदेशी मालाला ही साडेबारा टक्क्यांची बक्षिसी आहे, असे मुंबईचे व्यापारी ओरडत राहिले. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी चलन आयोगात भिन्नमतपत्रिका जोडली, पण निर्णय फिरला नाही. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणगावात सार्वत्रिक संप झाला. १९३० मध्ये संरक्षक जकाती बसल्या, त्या विलायती मालाला १५ टक्के आणि इतरांना २०. लँकेशायरचे पाहून मुंबईतही गिरण्या एकत्र करण्याची योजना निघाली. ती बारगळली, आणि बारगळणे क्रमप्राप्तच होते. लँकेशायरमध्ये मालकांच्या मानेवर बँका बसल्या होत्या आणि बँकांच्या मानेवर नॉर्मन. मुंबईत प्रत्येक एजंट आपल्या गिरणीचा राजा. त्याला सिंहासन सोडावयास लावील असा कोणी सावकार नव्हता. १९३३ मध्ये करीमभाई इब्राहीम हे मुंबईतील सर्वांत मोठ्या गिरणीसमूहांपैकी एकाचे घराणे कोसळले, तेव्हा त्याच्या गिरण्यांची घडी बसविण्यास कोणी नॉर्मन पुढे आला नाही. गिरण्या बंद पडल्या, कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतले.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. १९३४ च्या तिच्या कायद्यात या सगळ्या अनुभवाचे प्रतिबिंब पडेल अशी अपेक्षा करणाऱ्यांची निराशा झाली. १९३१ मध्ये मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीने प्रांतोप्रांती औद्योगिक कर्ज महामंडळे काढण्याची सूचना केली होती; ती कागदावर राहिली. नव्या कायद्याच्या १९ व्या कलमाने बँकेला कोणत्याही व्यापारात वा उद्योगात हितसंबंध ठेवण्यास, कंपन्यांचे भाग घेण्यास आणि स्थावराच्या तारणावर कर्ज देण्यास बंदी केली. गंमत अशी की लंडनची बँक लँकेशायरच्या गिरण्यांत मानेपर्यंत बुडालेली असतानाच तिच्या विचाराने घडलेल्या मुंबईच्या बँकेला पाण्याजवळही फिरकू नये असे बजावले गेले. शेतीपुरते दार किलकिले ठेवले होते. शेतमालाच्या हुंडीला नव्वद दिवसांऐवजी नऊ महिन्यांची मुदत आणि एक स्वतंत्र शेती कर्ज विभाग. पण विणकर, तेली, चांभार, लोहार या कोणालाच त्या कायद्यात जागा नव्हती.

पहिले गव्हर्नर सर ऑसबोर्न स्मिथ इंपीरियल बँकेतूनच आले. त्यांचे आणि सरकारच्या अर्थखात्याचे व्याजदरावरून व रुपयाच्या भावावरून खटके उडाले आणि १९३७ मध्ये ते पायउतार झाले. सह्यांच्या या कहाणीत एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे: रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या गव्हर्नरची सही एकाही नोटेवर नाही. बँकेच्या नोटा १९३८ मध्ये निघाल्या, त्यांवर जेम्स टेलर यांची सही होती. त्यांच्यानंतर १९४३ मध्ये पहिले हिंदी गव्हर्नर झाले ते महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख.

आता भिवंडीकडे. येथील हातमाग जुना. उत्तर हिंदुस्थानातून १८५७ नंतर आलेल्या मोमीन विणकरांनी तो वाढविला. पुढे तेलंगणातून पद्मशाली आले. या विणकराजवळ मुंबईच्या शेटजींची सही नव्हती, सहा महिन्यांचे कर्ज मागावे अशी मालाची रासही नव्हती. त्याला सूत उधार मिळे ते सुताच्या व्यापाऱ्याकडून, आणि विणलेले लुगडे तो त्याच व्यापाऱ्याला देई. सुताचा भाव व्यापारी ठरवी, लुगड्याचा भावही व्यापारीच ठरवी. व्याज असे वेगळे सांगितले जात नसे. ते दोन्ही भावांच्या मध्ये कोठे तरी विणलेले असे. १९३४ पासून सरकारने हातमागासाठी सालाना सुमारे पाच लाख रुपयांचे अनुदान प्रांतांना वाटले. साऱ्या देशातील विणकरांत वाटून ते प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आणि याच मंदीत मुंबईच्या गिरण्यांनी जुने माग काढून टाकले. लँकेशायरमध्ये बँकेच्या देखरेखीखाली जुनी यंत्रे हातोड्याने फोडली जात होती, कारण जादा क्षमता कायमची नष्ट व्हावी हाच उद्देश होता. मुंबईत अशी देखरेख नव्हती. जो माग गिरणीला जुना झाला, तो कोणाला तरी नवा होता. असे माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे येऊ लागले आणि विजेच्या मोटारीवर चालू लागले. पुढे पन्नास वर्षांनी, १९८२ च्या संपानंतर, गिरण्यांचे काम आणि गिरण्यांचे माग यांचा लोंढाच इकडे वळला. पण वाट पडली ती तेव्हा. मध्यवर्ती बँकेने लँकेशायरला सावरण्यासाठी जे केले, ते आपल्याकडे झाले असते तर त्या वाटेवरचे माग भट्टीत गेले असते. बँकेच्या सोवळ्याचा हा एक अनपेक्षित लाभ म्हणावयाचा. तो कोणी योजिला नव्हता, म्हणून त्याचे श्रेयही कोणाला देता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर सोवळे सोडविण्याचे काम एकेक गाठीने झाले. १९४८ मध्ये औद्योगिक वित्त महामंडळ निघाले आणि त्यात रिझर्व्ह बँक भागीदार झाली. १९४९ च्या १ जानेवारीस ती स्वतःच राष्ट्राच्या मालकीची झाली. १९५३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कुटिरोद्योग आणि लघुउद्योगांना सहकारी व वित्तीय संस्थांमार्फत पैसा पुरविण्याची मोकळीक मिळाली, १९५७ पासून विणकरांच्या सहकारी संस्थांसाठी सवलतीच्या दराची योजना सुरू झाली, आणि १९६४ मध्ये औद्योगिक विकास बँक रिझर्व्ह बँकेच्या पोटातूनच जन्मली. ज्या बँकेला १९३४ मध्ये उद्योगाची सावली वर्ज्य होती, तिने तीस वर्षांत उद्योगाचीच बँक काढली, हा फेरा लहान नव्हे.

विणकरांची ती योजना मात्र हातमागासाठी होती, संस्थेच्या सभासदांसाठी होती आणि तिला राज्य सरकारची हमी लागे. म्हणजे दुसरी सही आता सरकारची झाली. भिवंडीत, राहनाळात चार-सहा माग लावून बसलेला यंत्रमागवाला ना हातमागवाला, ना गिरणीवाला. तो यात कोठेच बसला नाही. मुंबईच्या कापडबाजारातील व्यापारी त्याच्याकडे सूत पाठवीत राहिला, कापड उचलीत राहिला आणि विणकामाची मजुरी मोजीत राहिला. माग याचा, सूत त्याचे, कापड त्याचे; आणि बँकेच्या कागदावर सही असलीच तर तीही त्याचीच.